नकाशात नसलेली विहीर

सई, कबीर —

हे मी तुमच्या आजोबांना सांगितलं नाही, कारण तेव्हा ते नव्हते. तुमच्या आईला सांगितलं नाही, कारण ती होती. आणि जिला सांगायला हवं होतं तिच्यासमोर मी कितीदा तरी बसले, चहा प्यायले, पण ते तोंडातून निघालं नाही. तुमच्या घरात ज्याला तुम्ही ‘आजीचा विजय’ म्हणता, ती गोष्ट मी आजवर कुणालाही पूर्ण सांगितलेली नाही. अर्धीच सांगितली आहे. नेहमी तीच अर्धी.

माझं कपाट तुम्ही पाहिलं आहे. चादरी एका बाजूला, टॉवेल एका बाजूला, औषधं सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. घरातली कुठलीही वस्तू मला अंधारात सापडते. मग ही एक गोष्ट मी कुठे ठेवली होती? खरं सांगू — कुठेच नाही. ती रोज माझ्याबरोबर उठत होती आणि रोज माझ्याबरोबर झोपत होती. मी थकले आहे, मुलांनो. वयानं थकतो माणूस, ते वेगळं. हे निराळं थकणं आहे.

परवा सईनं फोनवर तिचा शाळेतला निबंध वाचून दाखवला. माझी आजी. साठीला टेकलेल्या आजीनं धरणातल्या पाण्यावर, शिडाच्या फळीवर उभं राहून, विशीतल्या पोरींना हरवलं — आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले, नेट नीट चालत नाहीये गं, नंतर बोलू. सई, नेट नीट चालत होतं.

म्हणून आज बसले आहे. शिस्तीनं सांगते. मधे थांबले तर थांबू द्या.

तुमचे आजोबा नौदलात होते, हे तुम्हाला माहीत आहे. कोचीला असताना तिथल्या खाडीत मी ही विद्या शिकले. फळीवर उभं राहायचं, तिच्यातूनच निघालेली डोलकाठी, तिच्यावर शीड, आणि शिडाला आडवी धरायची दांडी. सुकाणू नाही, वल्हं नाही. अंगाचा तोल आणि वारा, एवढंच. इंग्रजी शाळेत शिकलेल्या, प्रत्येक गोष्टीचं वेळापत्रक करणाऱ्या मुलीला ते का आवडलं, देव जाणे. देव मी मानत नाही. पण बोलण्यात येतं.

आजोबा निवृत्त झाले आणि आम्ही बीडला आलो. सामानाच्या ट्रकवर माझी फळी आडवी बांधलेली होती. शेजारच्या तांबोळीभाभी बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, “बाई, ये दार कौनसे खोलीचं?” अजून आमच्या गल्लीत तिला दारच म्हणतात.

बीड म्हटलं की लोकांना तहान आठवते. शिडाची फळी आठवत नाही. पण आषाढात आमच्याकडे पाऊस येवो न येवो, वारा येतो. डोंगरावरच्या पवनचक्क्या दिवसभर घरघरतात, वाळत घातलेली चादर चार घरं पलीकडे जाऊन पडते. आणि नेमका तोच काळ धरणातलं पाणी सगळ्यात खाली असण्याचा. वारा भरपूर, पाणी कमी — हे ध्यानात ठेवा. पुढे लागेल.

त्या धरणाखाली तुमच्या आजोबांचं गाव आहे. होतं. मी लग्न होऊन आले तेव्हाच ते पाण्यात गेलेलं होतं. मी सासर पाहिलं ते काठावरून. बुद्धपौर्णिमेला आमचं सगळं घर धरणावर जायचं. वंदना व्हायची, खीर वाटली जायची, आणि मग तुमची पणजी आम्हा सुनांना आणि पोरांना काठावर एका ठरावीक जागी उभं करायची. डावीकडे डोंगरातली खिंड, तिच्या बरोबर खाली वठलेली चिंच — या दोघी एका ओळीत आल्या पाहिजेत. आणि उजवीकडे धरणाच्या भिंतीवरचा दारांचा मनोरा, त्याच्यामागे टेकडीवरचा बुटका सुळका. या दोन ओळी पाण्यात जिथे एकमेकींना छेदतात, तिथे खाली आपली विहीर. दरवर्षी हेच. पाठ म्हणून घ्यायची आमच्याकडून. चुकलं की पुन्हा. आजोबा हसायचे — आई, आमच्या जहाजावर जागा अशीच काढतात. पणजी म्हणायची, “मंग जहाजावाल्यांनी आमच्याकडून शिकलं आसंल.”

ती विहीर आमच्या वस्तीनं खणली होती. गावाच्या विहिरीवर आमच्या लोकांना पाणी मिळत नव्हतं. ते सगळं मी तुम्हाला पूर्वी सांगितलं आहे, पुन्हा सांगत नाही. एवढंच सांगते की तिचा कठडा घडीव दगडाचा होता, छातीएवढा उंच, कारण पणजीच्या सासऱ्यांचं म्हणणं होतं की एवढ्या कष्टानं मिळालेल्या पाण्यात कुणाचं पोर पडता कामा नये. ते दगड पणजीनं पोटुशी असताना डोक्यावर वाहिले होते.

धरण झालं तेव्हा सरकारचा नकाशा निघाला. त्यात देऊळ होतं, चावडी होती, शाळा होती, गावाची विहीर होती. आमची वस्ती गावाच्या उगवतीला, जरा लांब. नकाशात तिथे काही नव्हतं. कोरा कागद. पणजीला वाचता येत नव्हतं, पण आजोबांनी तो नकाशा दाखवल्यावर तिनं बोट ठेवून विचारलं होतं, “हितं कावून काईच न्हाई?” हे वाक्य मी कितीदा भाषणात सांगितलं आहे! महिला मंडळात, शाळेत, जयंतीच्या कार्यक्रमात. आवाज न चढवता सांगायचे. लोक गप्प व्हायचे. मला ते आवडायचं.

आता कोमलबद्दल.

आजोबा गेल्यावर मी धरणावर पोरींना शिकवायला लागले. एक माझी जुनी फळी, दोन कुणाकडून मागून आणलेल्या. मुली यायच्या, दोन दिवस खिदळायच्या, बुडून नाकात पाणी गेलं की पुन्हा यायच्या नाहीत. कोमल आली ती राहिली. गेवराईजवळ हमरस्त्याला तिच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं. कॉलेजला बीडला होती. अंगानं काटक, हात वडिलांसारखे — दांडी धरली की सुटायची नाही. मी तिला तोल शिकवला, वळणं शिकवली. पाण्याखाली दगड असला तर काय होतं, तेही मीच शिकवलं. फळीच्या पोटाला मागे खाली एक हातभर पातं असतं. वेगात असताना ते अडकलं की फळी जागच्या जागी थांबते. माणूस थांबत नाही. आणि पाय फळीवरच्या पट्ट्यात अडकलेले असतात. “पट्ट्यात पाय घालायच्या आधी खाली काय आहे ते माहीत पाहिजे,” हे माझं वाक्य. माझंच.

दोन वर्षांत ती माझ्यापेक्षा बरी झाली. मी हे कबूल करायला फार वेळ घेतला. ती चिडवायची, “मॅडम, तुमी लई पुस्तकातल्यावानी चालवता. वाऱ्यानं काय ते पुस्तक वाचलंय व्हय?” मी हसायचे. ते हसू खरं होतं का? तेव्हा होतं. मला वाटतं, होतं.

मग त्या वर्षी पुण्याकडच्या काही हौशी मंडळींनी आमच्या धरणावर शनिवार-रविवारची शर्यत ठेवली. बायकांची वेगळी. पहिली येईल तिला गोव्याला समुद्रावर प्रशिक्षणासाठी नेणार, आणि पुढे तिथेच शिकवणारी म्हणून ठेवून घेणार, असं ठरलं होतं. वयाची अट होती, अर्थात. मी त्या जागेसाठी नव्हतेच. मला घेतलं होतं ते — कसं सांगू — शोभेला. आयोजकांचे एक कुलकर्णी सर होते, भले गृहस्थ. ते ध्वनिक्षेपकावर म्हणायचे, आता येताहेत आपल्या सर्वांच्या आजी, वय विसरून, जोरदार टाळ्या! पेपरवाले माझाच फोटो काढत होते. पोरी ज्या वेगानं जात होत्या त्याचा फोटो कुणी काढत नव्हतं.

कोमलसाठी ती जागा म्हणजे काय होती, ते मला पक्कं ठाऊक होतं. शनिवारी सकाळी कपडे बदलताना तिनंच सांगितलं. “बाबा म्हन्ले, पैली आली तर एक साल थांबू. न्हाई तर दिवाळी झाली की वाजवून टाकू. पोरगं बघून ठिवलंय. बोलत न्हाई म्हनं फारसं. म्हनजे बरंय, मीच बोलन.” आणि हसली. ती प्रत्येक गोष्टीवर हसायची. त्यामुळे तिला काय लागतंय ते चटकन कळायचं नाही. पण मला कळत होतं. मी बाई आहे, मला मुलगी आहे, मी शिकवते आहे तिला. मला कळलं नाही, असं मी म्हणणार नाही.

शनिवारी एक फेरी तिनं जिंकली, एक मी. हो, मी. वारा एकदम पडला आणि माझं वजन कमी, माझी फळी सरकली. लोकांनी डोक्यावर घेतलं. कुलकर्णी सरांचा आवाज बसला. संध्याकाळी बीडच्या ओळखीच्या लोकांचे फोन. उद्या आजी जिंकणार म्हणे! आणि माझ्या मनात — पहिल्यांदाच — आलं, की का नाही? का मी शोभेचीच राहावं?

हे कारण म्हणून सांगत नाही. तिथे काय होतं ते सांगते आहे. एक हाव होती. साठीला आलेल्या, सगळं मिळालेल्या, पेन्शनवर नीट जगणाऱ्या बाईला एका टाळीची हाव.

आता शुक्रवारचं सांगायला हवं. मी टाळते आहे, दिसतंय मला.

शुक्रवारी, शर्यतीच्या आदल्या दिवशी, मी एकटी सरावाला पाण्यात गेले होते. पाणी किती उतरलंय ते पाहायचं होतं. खिंड आणि चिंच एका ओळीत आल्या, मनोरा आणि सुळका एका ओळीत आले, आणि मी शीड पाण्यात टाकलं. फळीवर बसले. पाणी गढूळ, वीतभर खालचं दिसत नव्हतं. मी पाय खाली सोडला. तळपायाला दगड लागला. गुळगुळीत, घडीव, कडेनं थोडा शेवाळलेला. गुडघाही पूर्ण भिजला नाही, एवढ्यावर. पणजीनं वाहिलेला दगड. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या सासरच्या विहिरीला पाय लावला. लावू नये, हात लावावा, म्हणून मग वाकून हात लावला. रडले थोडी. शर्यतीचा मार्ग तेव्हा लांबून, दुसरीकडून आखला होता, त्यामुळे कुणाला सांगण्याचा प्रश्न आला नाही.

रविवारी वाऱ्याची दिशा फिरली.

कुलकर्णी सरांनी सकाळी बोये, म्हणजे मार्ग दाखवणारे पाण्यावरचे तरंगते पिंप, हलवायचं ठरवलं. जीपच्या बॉनेटवर तो जुना नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर चपला ठेवल्या, आणि आम्हा सगळ्या पोरींना — मी त्यात — भोवती उभं केलं. बोटानं नवा मार्ग दाखवला. शेवटचा सरळ पट्टा उगवतीच्या अंगानं जात होता. मी नकाशात पाहिलं. तोच कोरा कागद. ते म्हणाले, देऊळ, शाळा सगळं इकडे राहिलं, हा भाग मोकळा दिसतोय. मग थांबले. चांगला माणूस, काळजी घेणारा. म्हणाले, “मॅडम, तुमचं सासर इथलंच ना? इथे खाली काही आहे का? काही बांधकाम, विहीर वगैरे?”

विहीर वगैरे. त्यांनी शब्दसुद्धा उच्चारला.

एवढ्या वर्षांत कुणीतरी विचारलं होतं. नकाशा पसरून, त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून, आमच्या घरातल्या माणसाला विचारलं होतं — इथे काय होतं? पणजी ज्याची वाट बघत गेली तो प्रश्न. आणि उत्तर द्यायला तिथे मी होते. इंग्रजी शिकलेली, भाषणं देणारी, कालपरवाच त्या दगडाला हात लावून रडलेली.

मी म्हणाले, “नाही. शेतं होती तिथे. सपाट आहे सगळं.”

असं. एवढंच. आवाज कापला नाही. कोमल माझ्या शेजारी उभी राहून केस बांधत होती.

काय होतं मनात? मी हा प्रश्न स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता उत्तरं झिजून गेली आहेत. त्या ओळी मला पाठ होत्या. मी बाजूनं जाईन. बाकीच्या सरळ जातील, कुणाचं पातं घासेल, वेग जाईल, मी पुढे. एवढंच होईल, असं मला वाटलं — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण पातं अडकल्यावर काय होतं हे त्या पोरींना मीच शिकवलं होतं ना? मग मला ‘एवढंच’ कसं वाटलं असेल? नाही वाटलं. मी त्यापुढचा विचार थांबवला. विचार थांबवता येतो, मुलांनो. शिस्तीच्या माणसाला तर फार चांगला येतो.

शर्यत सुरू झाली. शेवटच्या पट्ट्याला वळलो तेव्हा कोमल माझ्या पुढे होती, फार नाही. बाकीच्या मागे. वारा मस्त होता. तशा वाऱ्यात फळी पाण्याला टेकतसुद्धा नाही, नुसती उडते. खिंड चिंचेकडे सरकत होती. मी बघत होते. मनोरा सुळक्याकडे सरकत होता. मी वेळेआधीच दांडी ओढली आणि बाहेरच्या बाजूला वळले.

कोमलनं मागे पाहिलं. मी वळलेली तिला दिसली, आणि तिनं हात हलवला — चिडवायला. गेलात, मॅडम. मग ती सरळ गेली.

मी ओरडू शकले असते. वाऱ्यात ऐकू गेलं नसतं कदाचित. कदाचित गेलं असतं. मी तोंड उघडलं नाही, त्यामुळे ते कुणालाच कधी कळणार नाही.

आवाज फार मोठा नव्हता. पाट्यावर वरवंटा पडावा तसा. शीड पुढे आपटलं, ती शिडाच्या वरून गेली, आणि एक पाय पट्ट्यातच राहिला.

पाण्यावरचा नियम सगळीकडे सारखा आहे, तुमच्याकडेही असेल — समोर कुणी संकटात दिसलं की शर्यत सोडायची. बचावाची बोट काठावरून निघाली होती. मला दिसली. ती पोचणार हे दिसलं. शेवटची रेषा समोर होती. मी थांबले नाही. रेषा ओलांडली, शिट्टी वाजली, टाळ्या वाजल्या — काठावरच्या लोकांना अजून काही कळलं नव्हतं — आणि मग मी वळून तिच्याकडे गेले. बोटीत तिचं डोकं मांडीवर घेतलं. ते लोकांनी पाहिलं. त्याचा फोटो आला.

घोटा मोडला होता, वाईट मोडला होता. कशाला आपटली? बाभळीचा बुंधा असेल, लोक म्हणाले. धरणात वाहून येतात. कुलकर्णी सर फार कष्टी झाले. मला म्हणाले, मॅडम, तुम्हालासुद्धा माहीत नाही म्हटल्यावर आपण तरी काय करणार? मी मान हलवली. आठवड्यात पाऊस आला, पाणी चढलं. गोव्याची जागा दोन दिवसांच्या एकूण गुणांत तिसऱ्या आलेल्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलीला गेली. मी वयानं बाद, कोमल पायानं.

दवाखान्यात मी तिला भेटायला गेले. मोसंबी नेली होती. सोलत बसले, कारण हाताला काम हवं होतं. ती प्लास्टरमधला पाय उशीवर टाकून पडली होती, आणि मलाच समजावत होती. “माजीच चूक हाय, मॅडम. तुमी वळल्या तवाच मला कळाया पायजे होतं का काईतरी हाय. मला वाटलं, म्हातारी चुकली.” आणि जीभ चावली. मग आम्ही दोघी हसलो. हो, मीसुद्धा. तिचे वडील दाराशी उभे होते, हाताला टायरचं काळं. ते म्हणाले, “तुमचे लई उपकार हायेत, मॅडम. पोरीला मांडीवर घेऊन आनलं तुमी.” मी म्हणाले, असू द्या. काय वाक्य! असू द्या.

दिवाळीनंतर तिचं लग्न लागलं. त्या न बोलणाऱ्या मुलाशीच. तो वाईट निघाला नाही. हे मी माझ्यासाठी सांगत नाही, त्याच्यासाठी सांगते. घोटा नीट जुळला नाही. जिना चढताना ती आधी डावा पाय ठेवते, मग उजवा त्याच पायरीवर आणते. पाण्यावर पुन्हा गेली नाही. दर दिवाळीला मात्र माझ्याकडे यायची, डबा घेऊन. तिच्या करंज्या फुटायच्या, तरी आणायची. वाकून पाया पडायची. वाकताना तिला भिंतीला हात लावावा लागायचा. आणि मी पाया पडू द्यायचे.

सांगण्याची वेळ रोज होती. पण एक वेळ अशी आली की त्यानंतर मला काही बोलायला जागा नाही.

काही वर्षांनी मोठा दुष्काळ पडला. धरण आटत आटत तळाला गेलं आणि गाव वर आलं. देवळाचा चौथरा, शाळेची भिंत. आणि उगवतीला, चिखल वाळून भेगाळलेल्या सपाट जमिनीत एकटी उभी — आमची विहीर. जिल्ह्यातून लोक बघायला येत होते. तुमची मोठी आजी, म्हणजे माझी थोरली जाऊ, हट्टानं मला घेऊन गेली. योगायोगानं त्याच दिवशी कोमल तिच्या माहेरच्यांबरोबर गाव बघायला आलेली. आम्हाला पाहून लंगडत लंगडत एवढ्या भेगा ओलांडत आली.

मोठी आजी कठड्यावर हात फिरवत होती. तिला कोण ऐकतंय याचं भान नव्हतं. कोमलला म्हणाली, “बघ गं बाई, ही आमची हीर. आमच्या सासूनं दगड वाह्यलेत. पान्याखाली व्हती तरी आमाला हिची जागा तोंडपाठ. सासू दरसाली पाठ म्हनून घ्यायची. आन् आमच्यात पक्की कोन म्हनशील तर ही, तुजी मॅडम. डोळं झाकून सांगंल.”

कोमलनं खिंडीकडे पाहिलं. चिंचेकडे पाहिलं. मग काठाकडे — जिथे ती जीप उभी होती त्या दिवशी, तिथे. मग कठड्याकडे, वरच्या थरातला एक दगड कोपऱ्यातून उडालेला होता. ती हुशार मुलगी होती. मीच शिकवलेली. तिनं दगडाच्या त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवलं.

मोठी आजी आत वाकून पाणी दिसतं का बघायला पलीकडच्या बाजूला गेली, आणि आम्ही दोघीच उरलो. कोमल माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं का? माहीत नाही. ती थांबली होती. शिकवताना माझी एखादी सूचना द्यायची राहिली की ती अशीच थांबायची, दांडी धरून, नजर माझ्याकडे — बोला मॅडम. भरपूर वेळ होता. वारा नव्हता, माणसं लांब होती, मोठी आजी विहिरीत वाकून तिच्या सासूशी काहीतरी बोलत होती.

मी म्हणाले, “ऊन फार झालंय. चल, गाडीत बसू.”

ती चालायला लागली. माझ्या पुढे, त्या भेगांमधून, पाय सांभाळत. त्या दिवाळीला ती आली नाही. पुढच्याही नाही. लोक विचारतात, तुमची ती कोमल दिसत नाही हल्ली? मी सांगते, संसारात अडकली असेल.